कीटकभक्षी वनस्पतींचा घरगुती छंद : कुठवर आला, कुठे अडला

व्हीनस फ्लायट्रॅपचे इवलेसे रोप आता पुण्या-मुंबईच्या नर्सरीत आणि ऑनलाइन दुकानांत सहज मिळते. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात घटपर्णीचे चित्र पाहिलेली माणसे आता तीच घटपर्णी बाल्कनीत टांगतात. विकणारा ‘डास खाणारे झाड’ म्हणून ती विकतो. घेणारा हौसेने चमचाभर गांडूळखत घालतो, बोअरचे पाणी देतो आणि काही महिन्यांत कुंडी रिकामी करतो. ही या छंदाची एक बाजू. दुसऱ्या बाजूला जवळजवळ दीडशे वर्षांची परंपरा आहे, मुरलेले संवर्धक आहेत आणि त्यांच्यात आजही न मिटलेले वाद आहेत. रोप कशात लावावे, त्याला हिवाळा द्यावा की नाही, हाताने खाऊ घालावे का आणि मुळात ते आले कुठून, हे त्यांतले चार मुख्य प्रश्न. ते आज कुठे उभे आहेत, हे क्रमाने पाहू.

छंदाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनाचे तत्कालीन गव्हर्नर आर्थर डॉब्स यांनी 1759-60 च्या सुमारास माशी पकडणाऱ्या एका झाडाबद्दल इंग्लंडला कळवले. पुढे दशकभरात जॉन एलिस यांनी त्याला ‘डायोनिया मसिप्युला’ हे शास्त्रीय नाव दिले आणि हे पान किडा पकडून त्यावर पोसले जात असावे, असा अंदाज मांडला. वनस्पतीने प्राण्याला खावे, ही कल्पना खुद्द लिनियसला मान्य झाली नाही.

हा प्रश्न निकाली काढला चार्ल्स डार्विनने. 1860 च्या उन्हाळ्यात ससेक्समध्ये त्याने ड्रॉसेराच्या, म्हणजे दवबिंदूच्या, पानांना चिकटलेले किडे पाहिले आणि पुढची पंधरा वर्षे या झाडांवर प्रयोग केले. त्यावरचे त्याचे पुस्तक 1875 मध्ये आले. दरम्यान 1873 मध्ये बर्डन-सँडरसन यांनी फ्लायट्रॅपच्या पानातील विद्युत संदेश मोजले होते, तर 1874 मध्ये जोसेफ हूकर यांनी बेलफास्टच्या सभेत घटपर्णीच्या पचनशक्तीवर व्याख्यान दिले होते. त्याच काळात व्हीचसारख्या इंग्लिश रोपवाटिका बोर्निओहून घटपर्णी आणवून तिचे संकर करत होत्या आणि श्रीमंतांची तापवलेली काचघरे त्यांनी भरत होती.

पहिल्या महायुद्धानंतर काचघरे तापवणे परवडेनासे झाले आणि छंद ओसरला. तो पुन्हा उभा राहिला 1970 च्या दशकात. 1972 मध्ये आंतरराष्ट्रीय कीटकभक्षी वनस्पती संस्थेचे नियतकालिक सुरू झाले. 1979 मध्ये एड्रियन स्लॅक यांचे या वनस्पतींवरचे पुस्तक आणि 1998 मध्ये पीटर डी’अमाटो यांचे ‘द सॅव्हेज गार्डन’ हे पुस्तक आले. मात्र हा छंद काचघरातून सामान्य माणसाच्या खिडकीत आणला तो टिश्यू कल्चरने. जळगावच्या केळी उत्पादकाला जे तंत्र पाठ आहे, त्याच तंत्राने आज फ्लायट्रॅपची रोपे हजारोंनी बाटल्यांत तयार होतात.

ज्यावर सर्वांचे एकमत आहे

वादांकडे वळण्यापूर्वी एकमताचा भाग सांगायला हवा, कारण नवशिक्याची बहुतेक रोपे तिथेच दगावतात. जगात कीटकभक्षी वनस्पतींच्या आठशेच्या आसपास जाती ज्ञात आहेत. त्यांतल्या बहुसंख्य जाती दलदलीत, वाळूत किंवा कातळावर, म्हणजे नत्र आणि स्फुरद नावापुरते असलेल्या जमिनीत वाढतात. जमिनीत जे नाही ते त्या किड्यांमधून मिळवतात. त्यांच्या मुळांना सुपीक मातीची सवयच नसते. गुलाबाला मानवणारे शेणखत यांच्या मुळांना जाळते. म्हणून या छंदात ‘काय द्यावे’ यापेक्षा ‘काय देऊ नये’ हे आधी शिकावे लागते.

दुसरे एकमत पाण्याबद्दल. पाण्यात विरघळलेले क्षार 50 पीपीएमच्या आत असावेत, हा संवर्धकांचा रूढ दंडक. पावसाचे पाणी सर्वांत उत्तम. आरओचे पाणीही चालते, पण यंत्रात खनिजे परत मिसळणारे काडतूस असेल तर त्याचा उपयोग उरत नाही, आणि आरओमधून बाहेर टाकले जाणारे पाणी तर नळाच्या पाण्यापेक्षा जड असते. धरणाचे पाणी त्या मानाने मऊ. बोअरचे आणि टँकरचे बहुधा नाही. शंभर-दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर इथे सल्ल्यांच्या ढिगापेक्षा उपयोगी पडतो. कुंडी प्लॅस्टिकची घ्यावी, कारण मातीच्या कुंडीतून क्षार पाझरतात. वापरलेल्या कुंडीच्या काठावर पांढरी पुटे दिसतात, ती याच क्षारांची.

तिसरे एकमत उजेडाबद्दल. काचेच्या बरणीत, दमट हवेत ही झाडे ठेवावीत, हा सल्ला व्हिक्टोरियन काळापासून चालत आला. आज बहुतेक जाणकार दमटपणापेक्षा प्रकाशाला जास्त महत्त्व देतात. फ्लायट्रॅप आणि सारासेनिया (अमेरिकी घटपर्णी) मोकळ्या मैदानातली झाडे आहेत. त्यांना रोज काही तास थेट ऊन लागते आणि बंद बरणी उन्हात ठेवली तर ती त्यात शिजून निघतात.

पहिला वाद : कुंडीत काय भरावे

रूढ मिश्रण म्हणजे स्फॅग्नम पीट आणि परलाइट. पीट आम्लधर्मी असते, त्यात अन्नद्रव्ये जवळजवळ नसतात आणि ते पाणी धरून ठेवते. पण पीट म्हणजे हजारो वर्षांत साचलेली दलदल. पृथ्वीवरील जमिनीच्या सुमारे तीन टक्के भागावर पीटभूमी आहे आणि जगातील मातीत साठलेल्या कार्बनपैकी सुमारे एक तृतीयांश कार्बन त्यात आहे, असे मानले जाते. ती उकरली की हा कार्बन हवेत जातो. शिवाय अनेक कीटकभक्षी वनस्पतींचे घरच तसल्या दलदलीत असते. बागकामासाठी पीटची किरकोळ विक्री इंग्लंडमध्ये थांबवण्याचा मानस तिथल्या सरकारने 2022 मध्ये जाहीर केला, तेव्हापासून हा प्रश्न संवर्धकांच्या उंबरठ्यावर आला आहे.

पीट सोडावे म्हणणाऱ्यांचा मुद्दा सरळ आहे : ज्या परिसंस्थेच्या प्रेमाने छंद जोपासायचा, तीच उकरून कुंडीत भरायची यात विसंगती आहे. पीटचे समर्थक म्हणतात की छंदिष्टांचा वापर शेती आणि फळभाजी उद्योगाच्या तुलनेत किरकोळ आहे आणि तितका भरवशाचा पर्याय अजून हाती नाही.

भारतीय वाचकाच्या मनात लगेच कोकोपीट येईल. ते स्वस्त आहे आणि आपल्याकडे मुबलक आहे. अडचण क्षारांची. नारळाच्या काथ्यात सोडियम आणि पोटॅशियम मुरलेले असते. ते घालवण्यासाठी कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात काथ्या भिजवण्याची व्यापारी पद्धत आहे, पण नायट्रेट या झाडांना नको असलेलीच गोष्ट. काही संवर्धक कोकोपीट पावसाच्या पाण्यात वारंवार भिजवून, पिळून, मीटरवर क्षार उतरलेले पाहूनच वापरतात आणि घटपर्णी व ड्रॉसेरासाठी समाधानी असतात. फ्लायट्रॅपच्या बाबतीत अनुभव संमिश्र आहेत. लांब धाग्यांचे वाळवलेले स्फॅग्नम मॉस हा तिसरा पर्याय. ते न्यूझीलंड, चिली अशा दूरच्या देशांतून येते आणि महाग पडते. मॉस वरवर कापले तर पुन्हा वाढू शकते, हा त्याचा गुण. कापणी नीट झाली नाही तर दलदलीचे नुकसान टळत नाही, ही त्याची मर्यादा.

दुसरा वाद : हिवाळ्याची झोप

व्हीनस फ्लायट्रॅपचे मूळ घर फार लहान आहे. नॉर्थ कॅरोलिनातील विल्मिंग्टन शहराभोवतीचा सुमारे शंभर मैलांचा किनारी पट्टा, तोही दोन राज्यांत विभागलेला. तिथे हिवाळ्यात रात्री पारा गोठणबिंदूजवळ येतो आणि डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस जेमतेम दहा तासांचा असतो. पाने काळी पडतात, झाड जमिनीलगतच्या कंदात मिटून बसते आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा उगवते. पुण्यातला सर्वांत लहान दिवस मात्र सुमारे अकरा तासांचा असतो आणि डिसेंबरातल्या गार रात्रीनंतरही दुपार चांगलीच तापते. मुंबईत तर गार रात्रही दुर्मीळ.

एक पक्ष म्हणतो, झोप अनिवार्य आहे. ती चुकली की झाड दरवर्षी खंगत जाते आणि दोन-तीन वर्षांत संपते. या पक्षाचा उपाय फ्रिजचा : रोप मातीतून काढून, मुळे धुऊन, बुरशीनाशक लावून, ओलसर मॉसमध्ये गुंडाळून पिशवीत घालायचे आणि सुमारे तीन महिने भाजीच्या कप्प्यात ठेवायचे. दुसरा पक्ष म्हणतो, उष्ण प्रदेशातही दिवस थोडे लहान झाले आणि रात्री थोड्या गारठल्या की झाड वाढ मंदावते, तेवढे पुरते. फ्रिजमध्ये बुरशीने मरणारी रोपे झोप चुकल्याने मरणाऱ्यांपेक्षा कमी नाहीत. दोन्हीकडचा पुरावा मुख्यतः घरोघरच्या नोंदींचा आहे आणि त्यात एक जुना दोष आहे : ज्याचे झाड जगते तो सांगतो, ज्याचे मरते तो गप्प बसतो.

तिसरा पक्ष हा वादच टाळतो. त्याचे म्हणणे, हवामान बदलता येत नाही, झाड बदलता येते. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातल्या ड्रॉसेरा कॅपेन्सिसला झोप लागत नाही. उलट तिचे धुळीसारखे बी शेजारच्या कुंड्यांत पडून ती तणासारखी उगवते. सखल प्रदेशातल्या घटपर्णी, जसे नेपेन्थेस रॅफ्लेसियाना किंवा अ‍ॅम्प्युलारिया, यांना मुंबई-कोकणची दमट उष्ण हवा मानवते. डोंगरमाथ्यावरच्या घटपर्णींना मात्र उबदार दिवसांबरोबर गार रात्री हव्या असतात. बोर्निओची प्रसिद्ध नेपेन्थेस राजा त्यांपैकीच. तिच्यासाठी सखल भागात एसीची खोली लागेल, आणि एका रोपासाठी इतकी वीज जाळावी का, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारायचा. विदर्भ-मराठवाड्याचा एप्रिल-मे हा वेगळाच पेच. तिथे हिवाळ्याच्या झोपेपेक्षा मुळाशी पोचणारी उन्हाळ्याची झळ रोपे मारते आणि शेडनेटशिवाय गत्यंतर नसते.

तिसरा वाद : खाऊ घालावे का

सापळ्याची रचना पाहिली की हा वाद कळतो. फ्लायट्रॅपच्या पानाच्या दोन्ही पाळ्यांच्या आत बहुधा तीन-तीन बारीक केस असतात. एका केसाला एकदा धक्का लागला तर काहीच होत नाही. सुमारे वीस सेकंदांच्या आत दुसरा धक्का लागला की पाने सेकंदाच्या दहाव्या हिश्शात मिटतात. आत किडा धडपडत राहिला आणि धक्के मिळत गेले, तरच पाचकरस स्रवतात. झाड धक्के मोजते, हे 2016 मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी विद्युत संदेश नोंदवून दाखवले. प्रत्येक पान आयुष्यात मोजक्याच वेळा मिटू शकते. त्यामुळे पाहुण्यांना दाखवायला काडीने सापळे मिटवणे झाडाला महाग पडते, यावर दुमत नाही.

दुमत आहे ते हाताने भरवण्यावर. भरवण्याच्या बाजूने जुना पुरावा आहे. डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने 1878 मध्ये ड्रॉसेराची काही रोपे मांसाचे बारीक तुकडे देऊन आणि काही उपाशी वाढवली. पोसलेल्या रोपांनी बरेच जास्त बी धरले. आजचे संवर्धक माशांच्या टाकीसाठी मिळणारे सुके ब्लडवर्म भिजवून देतात आणि मेलेला किडा दिला तर केसांना धक्के मिळावेत म्हणून मिटलेले पान हलकेच चोळतात. दुसरी बाजू सांगते की ही झाडे ऊर्जा उन्हातूनच मिळवतात आणि किडा फक्त नत्र-स्फुरद पुरवतो. कुंडी बाहेर असेल तर झाड स्वतः पुरेसे पकडते. अंधाऱ्या खोलीत भरवणे व्यर्थ, कारण तिथे मोठा घास पचण्याआधी कुजतो आणि पान काळे पडते.

घटपर्णीच्या घटात अगदी विरळ खत टाकण्याची पद्धतही रुजते आहे. तिच्या समर्थकांना आधार मिळतो तो निसर्गातल्या विविधतेचा : अ‍ॅम्प्युलारियाचे घट गळलेली पाने पचवतात, तर बोर्निओतील नेपेन्थेस लोवाय खारीसारख्या दिसणाऱ्या ट्री-श्रूच्या विष्ठेवर पोसली जाते. म्हणजे नत्र कुठूनही आले तरी झाडाला चालते. विरोधक म्हणतात, प्रमाण चुकले की घट जळतो आणि नवशिक्याला प्रमाण कळत नाही. डासांबद्दलचा दावा मात्र दोन्ही पक्ष नाकारतात. बाल्कनीतली एखादी घटपर्णी घरातले डास कमी करत नाही.

चौथा वाद : रोप आले कुठून

सर्वांत गंभीर प्रश्न हाच. दुर्मीळ जातीला संग्राहकाकडे मोल मिळते आणि मोल मिळाले की रानातून उपसा होतो. नवी घटपर्णी सापडल्यावर तिचे नेमके ठिकाण शोधनिबंधात न छापण्याची काळजी आता अनेक अभ्यासक घेतात. नॉर्थ कॅरोलिनात डिसेंबर 2014 पासून रानातले फ्लायट्रॅप चोरणे हा गंभीर गुन्हा ठरला. तरी चोरी हा एकच धोका नाही. बांधकाम आणि अधूनमधून लागणारे नैसर्गिक वणवे विझवण्याचे धोरण यांनीही त्या मैदानांचे मोठे नुकसान केले आहे.

भारतात रानात आढळणारी घटपर्णीची एकच जात आहे, मेघालयातील नेपेन्थेस खासियाना. ती आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ती उपटणे, विकणे आणि परवान्याशिवाय तिची लागवड करणेही मना आहे. दक्षिण गारो टेकड्यांत बाघमारा इथे तिच्यासाठी राखीव क्षेत्र आहे. बाहेरून रोपे किंवा बी मागवायचे तर 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि झाड रोगमुक्त असल्याचे प्रमाणपत्र लागते. पाकिटातून गुपचूप आलेले बी या नियमात बसत नाही. रंगीबेरंगी फ्लायट्रॅपचे फोटो दाखवून विकले जाणारे बी तर बहुधा भलत्याच झाडाचे निघते.

संवर्धकांच्या बाजूचा युक्तिवाद असा : टिश्यू कल्चरने रोपे स्वस्त आणि मुबलक झाली की रानातून चोरण्याचे कारणच उरत नाही. फ्लायट्रॅपच्या बाबतीत प्रयोगशाळेतल्या रोपांनी बाजार भरला, हे खरेही आहे. शिवाय मूळ अधिवास नष्ट झाला तरी जात संवर्धनात टिकते. संरक्षणवादी अभ्यासक दोन हरकती घेतात. एक, संग्राहकाला नेमके तेच हवे असते जे अजून बाटलीत नाही. त्यामुळे नव्या जातींवरचा दाब हटत नाही. दोन, हजारो रोपे मोजक्या बियांपासून निघालेली असतात. घटपर्णीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. एकाच झाडाच्या हजार प्रतिकृती असल्या तरी त्या सगळ्या नर असतील तर बी धरणार नाही. कुंडीतली संख्या म्हणजे जातीचे रक्षण नव्हे, असे ते बजावतात.

आपल्या सड्यांवरचे शिकारी

महाराष्ट्र-गोव्याचा या विषयाशी संबंध कुंडीपुरता नाही. पावसाळ्यात कासचे पठार, आंबोली, चोर्ला आणि कोकण-गोव्याचे जांभ्याचे सडे कीटकभक्षी वनस्पतींनी भरून जातात. कासवर ऑगस्ट-सप्टेंबरात जांभळ्या-निळ्या गालिच्यासारखी पसरणारी सीतेची आसवे ही युट्रिक्युलेरिया आहे. फुले वर दिसतात, शिकार खाली ओल्या चिखलात होते. तिथे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पिशव्या असतात. या कुळातल्या पाणवनस्पतींच्या पिशव्या भक्ष्य आत ओढतात ते मिलिसेकंदाहून कमी वेळात, असे 2011 मध्ये वेगवान चित्रणातून मोजले गेले. कातळावरच्या पाणथळ जागी गवतासारख्या बारीक पानांचा दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा इंडिका, उभा असतो. त्याच्या पानावरचा प्रत्येक थेंबदार केस चिकट असतो, एखादे चिलट बसले की जवळचे केस हळूहळू त्याच्याकडे वाकतात.

या कुळांवर आपल्याकडे चांगले काम झाले आहे. भारतातील युट्रिक्युलेरियांवर एम. के. जनार्थनम आणि ए. एन. हेन्री यांचा ग्रंथ 1992 मध्ये निघाला. पुढे 2000 मध्ये एस. आर. यादव आणि सहकाऱ्यांनी वर्णिलेल्या एका नव्या जातीला गोवा विद्यापीठाच्या याच जनार्थनम यांचे नाव दिले.

मग परदेशी झाडे मागवण्यापेक्षा आपलीच का वाढवू नयेत, असा प्रश्न काही उत्साही संवर्धक विचारतात. स्थानिक झाड स्थानिक हवेत सोपे जाईल आणि सडे खाणींखाली व बांधकामांखाली जात असताना काही ठेवा तरी टिकेल, हा त्यांचा तर्क. अभ्यासक सावध आहेत. सड्यावरच्या यांतल्या पुष्कळ जाती एका पावसाळ्याच्या सोबती असतात. उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि ऑक्टोबरअखेर सुकतात. बोटभर मातीचा थर, त्यावरून वाहणारे पाणी आणि मग कोरडाठाक उन्हाळा, हा क्रम कुंडीत साधणे अवघड. उपटून आणलेले रोप बी न टाकताच मेले तर पुढच्या वर्षीची तेवढी जागा रिकामी. राखीव वनातून काहीही उचलणे गुन्हा आहे, ते वेगळेच.

उरलेले प्रश्न आणि निष्कर्ष

एकंदर पाहता लागवडीचे मूलभूत ज्ञान आज पक्के आहे. मऊ पाणी, निकस माध्यम आणि भरपूर ऊन यांवर कोणाचाच वाद नाही. पीटला भारतात परवडेल असा पर्याय, उष्ण प्रदेशात फ्लायट्रॅपला नेमकी किती झोप पुरते आणि बाटलीतल्या रोपांमुळे रानातली झाडे खरोखर किती वाचतात, हे तीन प्रश्न मात्र उघडे आहेत. पहिले दोन छंदिष्टांनाच सोडवता येतील, पण त्यासाठी जगलेल्या रोपांइतकीच मेलेल्या रोपांचीही प्रामाणिक नोंद ठेवावी लागेल. तिसऱ्याचे उत्तर कायदा, बाजार आणि वनखाते यांच्या हाती अधिक आहे.

तोवर नव्याने सुरुवात करणाऱ्याने दोन गोष्टी पाळाव्यात. आपल्या हवेला मानवेल असेच झाड घ्यावे : कोकण किनाऱ्यावर सखल प्रदेशातली घटपर्णी, घाटमाथ्यावर आणि पुण्या-नाशिकसारख्या हवेत ड्रॉसेरा कॅपेन्सिस. आणि विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला हे रोप टिश्यू कल्चरचे आहे की रानातले, हे विचारावे; तो सांगू शकत नसेल तर ते घेऊ नये. सड्यावरचा दवबिंदू मात्र पावसाळ्यात सड्यावरच जाऊन, पायवाट न सोडता पाहावा.